नुसतं बहुमत असून सुधारणा होत नाहीत

परत तो मेसेज फिरतोय, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण आला, की केंद्रात एका पक्षाचं पूर्ण बहुमत असलं तर कुठलीही मोठी सुधारणा सहा महिन्यांत होते, आडवे येतात ते आघाडीवाले, राज्यं आणि विरोधक. मला हे साफ चुकीचं वाटतं.

आधी बहुमताचं बघू. 1991 ला लायसन्स राज, म्हणजे उद्योगाला प्रत्येक गोष्टीसाठी सरकारी परवाना लागायची पद्धत, मोडलं ते नरसिंह रावांनी, आणि त्यांचं सरकार अल्पमतातलं होतं! परकीय चलन संपत आलेलं, सोनं गहाण टाकायची वेळ आलेली, विरोध करणाऱ्यांकडे पण दुसरा रस्ता नव्हता. उलट 2020 मध्ये एकट्या भाजपचे लोकसभेत 300 च्या वर खासदार, कृषी कायदे सप्टेंबरमध्ये पास झाले आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मागे घ्यावे लागले. कायदे चांगले की वाईट ते सोडा, पण ज्याला मंडी आणि हमीभाव जायची भीती वाटते तो दिल्लीच्या सीमेवर वर्षभर थंडीपावसात बसतो, आणि ज्याचा फायदा होणार असतो त्याला तो फायदा अजून दिसलेलाच नसतो, मग तो कशाला रस्त्यावर येईल?

राज्यं आडवी येतात म्हणे. अहो, आपलं पुण्यातलं गुलटेकडीचं मार्केट यार्ड महाराष्ट्राच्या 1963 च्या बाजार समिती कायद्यावर चालतं, घटनेनेच शेती राज्यांकडे दिलीये. जीएसटीची घोषणा 2006 च्या बजेटमधली, लागू झाला 1 जुलै 2017 ला. राज्यांना भीती होती उत्पन्न बुडायची, आणि ती खोटी नव्हती, पुणे महापालिकेचा केवढा तरी खर्च आधी जकात आणि मग तिच्या जागी आलेल्या एलबीटीवर (स्थानिक संस्था करावर) निघायचा. केंद्राने पाच वर्षं राज्यांच्या उत्पन्नात दरवर्षी 14 टक्के वाढ धरून भरपाईची हमी कायद्यात लिहून दिली तेव्हा कुठे जमलं. पेट्रोल-डिझेल तरी बाहेरच राहिलं. मला तो वेळ वाया गेला असं वाटत नाही, घासाघीस झाली म्हणूनच जीएसटी टिकलाय.

आणि विरोधक? सप्टेंबर 2020 मध्ये तीन कामगार संहिता (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे) राज्यसभेत पास झाल्या तेव्हा विरोधकांचा बहिष्कार होता, अडवायला समोर कोणी नव्हतंच. तरी त्या लागू व्हायला नोव्हेंबर 2025 उजाडलं, कारण कामगार हा केंद्र आणि राज्य दोघांचा विषय, नियम दोघांनी करायचे, आणि युनियनवाल्यांचा विरोध होताच. चाकणच्या कारखान्यातल्या कंत्राटी कामगारासाठी ती मधली पाच वर्षं जुन्याच कायद्यात गेली.