आधी तळ उघडून बघा
जुन्या रुग्णवाहिकेची कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपता-राहता येईल अशी फिरती गाडी, करण्यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘गादी टाकली की कॅम्पर व्हॅन तयार’ हे वाक्य खटकलं. माझ्या मावसभावाने अशीच जुनी फोर्स ट्रॅव्हलर रुग्णवाहिका घेतली, तेव्हा मी आठवडाभर त्याच्यासोबत राबलो. तळावरचं व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचं आच्छादन, वरून चकचकीत. उचकटलं तर खालचा प्लायवूड काळा पडलेला, चहात बुडवलेल्या पावासारखा मऊ. स्ट्रेचरच्या पट्ट्यांच्या बोल्टांभोवती गंज. वर्षानुवर्षं गाडी धुतल्याचं पाणी त्याच भोकांतून मुरलेलं. म्हणून आधी तळ बघा, मग रंग नि पडदे.

गाडी मात्र झकास. उंच छप्पर, कप्पे, आतले दिवे सगळं आयतं मिळतं. सलाइनच्या हुकाला आता कंदील लटकतो.

कागदपत्रांबद्दल लेखात यायलाच हवं होतं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : आरसीतल्या (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रातल्या) नोंदीशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. आधी आरटीओत जाऊन विचारा, मगच करवत हातात घ्या.

आणि सायरन, टपावरचा दिवा, बॉनेटवरची उलटी अक्षरं पहिल्याच दिवशी काढा हो! ती अक्षरं आरशात दिसली की लोक जीव तोडून वाट देतात. आमची सोलल्यावरही उन्हात पुसट दिसायची, म्हणून अख्खं बॉनेट पुन्हा रंगवून घेतलं.