एनआरव्ही बसवला की विषय संपतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

बॅकफ्लो, म्हणजे वापरलेले किंवा दूषित पाणी उलटे फिरून पिण्याच्या लाइनीत शिरणे, याच्या तपासणीवरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि स्पष्ट शब्दांत प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभारी आहे. आपण साताऱ्यात पंचवीस वर्षे नळकाम करत आहात. आपला आक्षेप थोडक्यात असा की, टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझ्या पुतण्याला आलेल्या नोटिशीवरून मी तिथले नियम इथल्या लोकांवर लादतो, घरोघरी प्रमाणित परीक्षक बोलवा असे सांगून उगाच भीती घालतो. आपल्या मते प्रत्यक्षात मीटरनंतर एक एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवला की विषय संपतो, आणि इतक्या वर्षांत या कारणाची एकही तक्रार आपल्याकडे आलेली नाही.

आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे. टेक्सासमध्ये ज्या जोडणीतून आरोग्याला धोका संभवतो, तिथल्या बॅकफ्लो उपकरणाची वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी लागते आणि ती करणाऱ्याकडे राज्याच्या पर्यावरण आयोगाचा परवाना असावा लागतो. साताऱ्यात घरमालकाला अशी नोटीस येत नाही. शिवाय तिकडचे सर्वांत भरवशाचे उपकरण, म्हणजे दोन झडपा आणि त्यांच्यामध्ये पाणी बाहेर सोडणारी तिसरी झडप असलेले, स्वतःच साधारण सात मीटर किंवा त्याहून उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब खाते. आपल्या नळाला जेमतेम दाब असताना ते बसवले तर पाणी वरच्या मजल्यावर चढणारच नाही. हे मी लेखात लिहायला हवे होते. ते राहिले, ही माझी चूक आहे.

मात्र ‘तक्रार आली नाही’ हा पुरावा मला पटत नाही. दूषित पाण्यातून होणारी कावीळ ते पाणी पोटात गेल्यानंतर दोन ते सात आठवड्यांनी दिसते. तोपर्यंत त्या दिवशी नळाला काय झाले होते हे कोणाच्या लक्षात राहणार? तो माणूस डॉक्टरांकडे जाईल. आपल्याकडे तक्रार घेऊन येणार नाही. 1969 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील होली क्रॉस महाविद्यालयाचा जवळजवळ सगळा फुटबॉल संघ काविळीने आजारी पडला. जवळच लागलेली आग विझवण्यासाठी पाणी उपसले गेले तेव्हा जलवाहिनीतील दाब उतरला आणि मैदानाच्या बाजूला जमिनीत असलेल्या नळांच्या खड्ड्यांतील दूषित पाणी पिण्याच्या लाइनीत खेचले गेले, हे नंतरच्या शोधात कळले. तिथे दाब उतरायला आग लागावी लागली. आपल्याकडे तो रोज, पाणी गेल्याबरोबर उतरतो.

त्यातही सातारा उतारावर वसलेला आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापासून गाव खाली उतरत जाते. पाणी बंद झाले की लाइनीत उरलेले पाणी खालच्या भागातील उघड्या नळांतून वाहून जाते आणि त्याची ओढ वरच्या पेठांतील नळांना बसते. आमचे घर मंगळवार पेठेत, चढावर आहे. गेल्या वर्षी एका सकाळी अंगणातील थेट नळाची नळी निळीच्या बादलीत बुडालेली होती आणि तोटी उघडीच राहिली होती. पाणी गेले, नळातून फुस्स असा आवाज आला आणि माझ्या डोळ्यांदेखत बादलीतील निळे पाणी चार बोटे खाली गेले. दुसऱ्या दिवशी पहिला तांब्या फिकट निळा भरला. त्या दिवशी बादलीत नीळ होती म्हणून ते दिसले. मोरीचे पाणी असते तर दिसलेही नसते.

आणि आमच्याकडे मीटरनंतर एनआरव्ही होता. तीन वर्षांपूर्वी चांगल्या कारागिराकडून बसवून घेतलेला, पितळी. तो उघडला तेव्हा आतील पडदीखाली क्षाराचा थर आणि टेफ्लॉन टेपचा एक सुरकुतलेला तुकडा अडकलेला निघाला. तांदळाच्या दाण्याएवढी फट होती, पण ओढीला तेवढी पुरते. यात बसवणाऱ्याचा दोष आहे असे मी म्हणत नाही, कारण तीन वर्षांत तो कोणी उघडून पाहिलाच नव्हता. माझे म्हणणे एवढेच आहे की, न तपासलेला एनआरव्ही काम करतो की नाही हे बाहेरून कळत नाही, आणि जे कळत नाही त्याच्या भरवशावर आपण नळी बादलीत सोडून देतो.

तपासायला परदेशी परवाना लागत नाही. एनआरव्हीच्या आधी बंद करता येईल असा व्हॉल्व्ह आणि त्या दोहोंच्या मध्ये एक छोटा कॉक असला, तर वरच्या मजल्याची लाइन भरलेली असताना व्हॉल्व्ह बंद करून तो कॉक उघडावा. मधले थोडे पाणी निघून धार थांबली तर पडदी बसते आहे. थेंब पडतच राहिले तर ती गळते आहे. पाच मिनिटांचे हे काम आपल्यासारखी अनुभवी माणसेच सर्वांत चांगले करू शकतील.

त्याहून साधा उपाय म्हणजे मोकळे अंतर. तोटीचे तोंड बादलीच्या, टाकीच्या किंवा हौदाच्या काठापेक्षा नळाच्या व्यासाच्या दुप्पट, आणि किमान एक इंच, उंच असले की पाणी उलटे जाण्याचा मार्गच उरत नाही. त्यात झडप नाही, म्हणून बिघडायलाही काही नाही. जमिनीखालच्या हौदात इनलेटचा पाइप पाण्यात बुडालेला असतो, हा आपल्याकडचा नेहमीचा दोष आधी काढावा. लाइनीला थेट मोटार लावणे तर पूर्ण बंद व्हायला हवे, कारण ती फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणीही ओढून घेते.

ज्यांची मालमत्ता किंवा मुले टेक्सासमध्ये आहेत त्यांच्यासाठी परीक्षक निवडण्याचा भाग लेखात राहील. परवाना चालू आहे ना, दाब मोजण्याचे गेज वर्षभरात तपासून घेतलेले आहे ना, आणि अहवाल पाणीपुरवठा संस्थेकडे कोण पाठवणार, हे आधी विचारावे. दुरुस्तीपूर्वीची आणि दुरुस्तीनंतरची मोजमापे वेगवेगळी लिहून मागावीत. मोजमाप घेण्याआधीच दुरुस्तीचे पैसे सांगणाऱ्याला काम देऊ नये.

‘प्रत्येक घराने वर्षातून एकदा प्रमाणित परीक्षक बोलवावा’ हे वाक्य मी आज लेखातून काढले आहे आणि त्या जागी कॉक उघडून करायची वरील तपासणी व मोकळ्या अंतराचे माप लिहिले आहे. आपल्याकडच्या अर्ध्या इंची जोडणीत मीटरपाशी जागा अपुरी असते. तिथे हा कॉक नेमका कसा बसवावा, हे आपण लिहून कळवलेत तर ते आपल्या श्रेयासह तिथेच जोडेन.