डिटेक्टरची रेंज जास्त आहे, हो. पण म्हणून तुम्ही सुटत नाही

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला. तुमच्याकडेही आलाच असेल. 'पोलिसांच्या स्पीड गनची रेंज जेमतेम ८०० मीटर, रडार डिटेक्टरची ५ किलोमीटर. पोलिसांना तुम्ही दिसायच्या आत तुम्हाला ते कळतात. लेझर गनसुद्धा आधीच कळते. अमेरिकेत सगळे वापरतात, कायदेशीर आहे. यंत्र परवडत नसेल तर आरशाला जुनी सीडी टांगा. आणि फोटो नसेल तर चलन बाद.' खाली माझ्या भाच्याने लिहिलं होतं, 'माझा येतोय.' न्यू जर्सीहून सुट्टीला येणाऱ्या चुलतभावाला त्याने ते यंत्र, म्हणजे पोलिसांच्या गनची रडार लाट आली की वाजणारी डबी, आणायला सांगितलं होतं. हा मुलगा दर पंधरा दिवसांनी माझ्या बहिणीला शेजारी बसवून पुण्याहून पनवेलला जातो. म्हणून हे लिहायला बसलो.

मी अभियांत्रिकी कॉलेजात मायक्रोवेव्हची प्रॅक्टिकल्स घेतो, त्यामुळे पहिला मुद्दा मला नाकारता येत नाही. डिटेक्टरची रेंज गनपेक्षा जास्त असतेच. त्याचं कारण आम्ही मुलांना दरवर्षी टेबलावर दाखवतो. एका टोकाला क्लायस्ट्रॉन, म्हणजे मायक्रोवेव्ह लाट तयार करणारी नळी, आणि ती लाट पुढे फेकणारा भोंग्यासारखा हॉर्न अँटेना, समोर दुसरा हॉर्न, त्याला जोडलेला मीटर. दोघांमधलं अंतर दुप्पट केलं की मीटर ६ डीबी खाली येतो, म्हणजे पोहोचणारी शक्ती पाव उरते. मग तोच दुसरा हॉर्न उचलून पहिल्याच्या शेजारी ठेवायचा आणि समोर तळहाताएवढा पत्रा धरायचा. आता लाट पत्र्यापर्यंत जाऊन परत येते. पत्रा दुप्पट लांब नेला की १२ डीबी गेले, शक्ती सोळावा हिस्सा. भिंती आणि टेबलावरून परतणाऱ्या लाटांमुळे आकडा तंतोतंत येत नाही, पण फरक मुलांना डोळ्यांनी दिसतो. गनला जाऊन-येऊन प्रवास करायचा असतो, डिटेक्टरला फक्त एकेरी. त्यामुळे मोकळ्या, सरळ रस्त्यावर गन चालू ठेवली असेल तर डिटेक्टरला ती बरीच आधी कळते. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे.

पण 'गन चालू ठेवली असेल तर' ही अट मेसेजवाल्याने गिळली. हातातल्या गनला ट्रिगर असतो. तुमची गाडी टप्प्यात येईपर्यंत पोलीस तो दाबत नाही. दाबला नाही तर हवेत लाटच नाही, आणि जी लाट नाही ती ५ काय, ५० किलोमीटर रेंजच्या यंत्रालाही पकडता येणार नाही. दाबल्यावर डिटेक्टर वाजतो, पण तोवर गनवर तुमचा आकडा आलेला असतो. पुढे कोणी दुसरा वेगात चालला असेल आणि त्याच्यावर मारलेल्या लाटेचा ओघळ तुमच्यापर्यंत आला, तर तुम्ही वाचाल, हेही मान्य. म्हणजे तुमचं संरक्षण ते यंत्र करत नाही, पुढचा सापडलेला माणूस करतो. आणि घाटात तेही नाही. रडार गनची २४ गिगाहर्ट्‌झची, म्हणजे सेकंदाला २४ अब्ज कंपनांची, लाट डोंगराला वळसा घालून येत नाही.

आता सगळ्यात घातक वाक्याकडे येतो. 'लेझर गनसुद्धा आधीच कळते.' हे साफ खोटं आहे, आणि आपल्याकडे तर याच वाक्यावर माणूस फसणार, कारण महाराष्ट्रात महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्यांवर लेझर स्पीड गन आहेत. वरचं दुप्पट-पाव-सोळाव्याचं गणित रडारचं. लेझरचा स्वभाव वेगळा.

रडारचा झोत पसरट असतो. काही शे मीटरवर तो सगळ्या लेन झाकतो, इकडेतिकडे सांडतो, आणि त्या सांडलेल्यावरच डिटेक्टर जगतो. लेझर गनचा किरण साधारण ३ मिलिरेडियन पसरतो. म्हणजे ३०० मीटरवर त्याचा ठिपका ९० सेंटिमीटर रुंद, ५०० मीटरवर दीड मीटर. एका गाडीच्या तोंडाएवढा. शेजारच्या लेनमधल्या गाडीलाही तो नीट लागत नाही, मग दोन किलोमीटर मागून येणाऱ्याला कुठून कळणार? पोलीस दुर्बिणीसारखं बघून ठिपका नंबर प्लेटवर किंवा हेडलाइटवर धरतो. तुमचा डिटेक्टर वर, काचेला चिकटलेला. किरण खाली बंपरवर आदळून परत गेला तर यंत्राला पत्ताही लागत नाही.

आणि लागला तरी काय? ३०० मीटरवर जाऊन परत यायला प्रकाशाला २ मायक्रोसेकंद लागतात. गन असे शेकडो ठोके सोडते, अंतर किती वेगाने कमी होतंय ते बघते, आणि साधारण अर्ध्या सेकंदात आकडा देते. तुम्ही १४०ने चालला आहात. यंत्र वाजलं, ते तुमच्या कानावरून डोक्यात गेलं, पाय ब्रेकवर आला, यात निदान एक सेकंद गेला असं धरू. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर कचकचून ब्रेक मारला तरी १४०वरून १००वर यायला दीडेक सेकंद. पोलिसाचं काम तुमचा पाय ब्रेकला लागायच्या आत झालं. वर तुम्ही एक्स्प्रेसवेच्या लेनमध्ये, मागे ट्रक असताना, विनाकारण कचकचून ब्रेक मारलात. लेझरवरचा बीप ही पूर्वसूचना नसते, झालेल्या गोष्टीची बातमी असते. यंत्र विकणाऱ्याला हे माहीत असतं.

बाकीचे मुद्दे पटापट.

सीडी. काय बोलायचं? रडारला गाडीचा अख्खा पत्रा दिसतो, लेझर नंबर प्लेटवर लागलेला असतो. मध्ये बारा सेंटिमीटरची तबकडी हलून दोघांनाही काही फरक पडत नाही. तुमच्या डोळ्यांवर मात्र उन्हाची तिरीप येते.

कॅमेरे. २०२४पासून मुंबई–पुणे एक्स्प्रेसवेवर आयटीएमएस, म्हणजे कॅमेऱ्यांनी वाहतुकीवर नजर ठेवणारी यंत्रणा, सुरू आहे. त्यात दोन ठिकाणी नंबर वाचून, मधलं अंतर भागिले वेळ, असा सरासरी वेगही काढतात. १० किलोमीटर ५ मिनिटांत कापलंत तर तुम्ही १२०ने आलात. चौथीतलं गणित आहे. यात गन नाही, ट्रिगर नाही, डिटेक्टरने ऐकावं असं काही नाही. कॅमेऱ्याखाली हळू होऊन पुन्हा पळणारेही यात सापडतात.

अमेरिका. खासगी गाडीत डिटेक्टर बहुतेक राज्यांत चालतो, खरं आहे. पण व्हर्जिनियात आणि वॉशिंग्टन डीसीत बंदी आहे, आणि मोठ्या व्यावसायिक ट्रकांना देशभर बंदी आहे. शिवाय ही यंत्रं स्वतः थोडी लाट बाहेर गळू देतात, आणि ती गळती पकडणारी यंत्रं तिथल्या पोलिसांकडे असतात. म्हणजे गाडीत यंत्र आहे हे पोलिसांना कळणार नाही, असंही नाही.

राहिला फोटोचा मुद्दा. यात तथ्य आहे, आणि ते मेसेजवाल्यालाही नीट माहीत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१मध्ये १६७अ हा नियम आला. स्पीड गन, स्पीड कॅमेरा, डॅशबोर्ड कॅमेरा, सगळं त्यात येतं. यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र हवं, ते दरवर्षी नवं व्हायला हवं. नोटिशीसोबत नंबर प्लेट दिसणारा स्पष्ट फोटो, यंत्राने मोजलेला आकडा, तारीख, वेळ आणि जागा हवी. नोटीस १५ दिवसांत यायला हवी. चुकीचं चलन आलं तर या नियमावर जरूर भांडा, मीही सोबत येतो. पण गंमत म्हणून नाही, खरंच हा नियम पूर्ण वाचा. त्यातच लिहिलंय की जिथे अशी यंत्रं लावली आहेत तिथे आधी ठळक फलक लावायचे. म्हणजे ज्या बातमीसाठी भाचा डॉलर मोजतोय, ती रस्त्याकडेला फुकट लिहिलेली असते.

माझी चिडचिड चलनाची नाही. कारला दंड हजार-दोन हजारांचा, तो भरता येतो. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यांवर मेली आणि त्यातली ७१ टक्क्यांहून जास्त अतिवेगाच्या अपघातांत. १००ला कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून गाडी ५५ मीटरमध्ये थांबते, १४०ला जवळजवळ दुप्पट जागा लागते. ही रेंज त्या मेसेजमध्ये कोणी लिहिली नाही.

यंत्र आलं. परवा आम्ही तिघं पनवेलला निघालो, ताई पुढे, मी मागे. शहरातून बाहेर पडेपर्यंत ते तीनदा वाजलं. एकदा मॉलच्या आपोआप उघडणाऱ्या दारासमोर, दोनदा शेजारच्या नव्या गाडीच्या ब्लाइंड स्पॉट सेन्सरमुळे, म्हणजे आरशात न दिसणारी गाडी टिपणाऱ्या सेन्सरमुळे. दोन्हींत त्याच २४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासची लाट असते. एक्स्प्रेसवेवर भाचा माझ्यामुळे ९५ने चालवत होता. पुढे एका पुलाच्या सावलीत इंटरसेप्टर उभी होती, दार उघडं, एक पोलीस डोळ्याला गन लावून. आम्ही त्याच्यासमोरून गेलो. यंत्र गप्प.

ताईने मान वळवून मागे पाहिलं, मग त्या डबीकडे पाहिलं. म्हणाली, "अरे, मग हे गप्प आहे म्हणून पुढे कोणी नाही, असं तू धरणार होतास?"