केसाचे पांढरे टोक आणि बंद केलेल्या लोहाच्या गोळ्या

बाळंतिणीच्या केसगळतीविषयी एक संदेश फिरतो आहे. केस मुळासकट आला म्हणजे मूळ मेले. बाळ खिदळू लागले की आईचे केस गळतात. दोष उष्णतेचा, म्हणून लोहाच्या गोळ्या व मटण बंद करावे. कांद्याचा रस चोळावा, नाहीतर मुंडन करावे, असा त्याचा मजकूर. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या भावजयीने तो वाचून गोळ्या खरोखरच बंद केल्या, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

कंगव्यातला केस उजेडात धरला तर टोकाला खसखशीहून बारीक पांढरट गोळा दिसतो. संदेशकर्त्याचे 'मेलेले मूळ' ते हेच! प्रत्यक्षात तो वाढ थांबून विश्रांतीची मुदत संपलेल्या केसाचा बुंधा असतो. केस जिथून उगवतो ते केशपुटक त्वचेतच शाबूत राहते. अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने १९६१ मध्ये या गळतीला 'टेलोजेन एफ्लुव्हियम' असे नाव देऊन तिचा उलगडा केला: तीव्र ताप, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण यांनंतर पुष्कळ केस एकदमच विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. बाळ खिदळू लागते तेही साधारण त्याच सुमारास, त्यामुळे वेळेपुरती ती समजूत खरी आहे, एवढे नाइलाजाने मान्य करतो. बहुतेक जणींचे केस बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत पूर्ववत होतात.

गोळ्यांचा सल्ला मात्र निव्वळ घातक आहे. लोहाच्या गोळीने शौचास काळी होते, बद्धकोष्ठ होते. केस गळत नाहीत. उलट लोहाची कमतरता हेच केसगळतीचे एक कारण मानले जाते, आणि प्रसूतीत रक्त गेलेल्या बाईला ती सहज होते. म्हणूनच सरकारच्या 'अॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात प्रसूतीनंतरही १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोह देण्याची तरतूद आहे. मटणातले लोह तर शरीरात अधिक सहज शोषले जाते. तिखटाची भीती असेल तर तांबडा रस्सा बाजूला ठेवून पांढरा वाढावा, पण कोल्हापुरात राहून बाळंतिणीचे मटण कशासाठी तोडायचे?

कांद्याच्या रसाचा एक छोटा अभ्यास आहे, पण तो चाईवरचा, म्हणजे गोल चट्टे पडून केस जाण्यावरचा; या गळतीशी त्याचा संबंध नाही. मुंडनाने केस त्वचेच्या वर कापला जातो, पुटकात काहीच बदलत नाही.

गोल चट्टे पडले, गळती सहा महिन्यांहून लांबली किंवा फार थकवा असला, तर डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याचे माप) आणि थायरॉइड तपासून घ्यावे. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व चालू असल्यास ते रक्त देण्यापूर्वीच सांगावे, कारण त्यामुळे थायरॉइडचा अहवाल चुकू शकतो.