जोडा जमेना

आमच्याकडे म्हणतात, ज्या बाईच्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब, ती नवऱ्याला मुठीत ठेवते. माझं लांब आहे. मला बघायला आल्या तेव्हा सासूबाईंची नजर पोह्यांच्या बशीवरून घसरून थेट माझ्या पायांवर गेली होती, ते मला अजून आठवतं. नवरा मुठीत आला की नाही, हा वेगळा विषय. पण तेच बोट पुढे कॅनडात, बर्फावर, बुटाच्या टोकात दुमडून माझ्या डोळ्यांतून पाणी काढेल, हे कुणाच्याच पत्रिकेत नव्हतं.

फिगर स्केटिंग खरं तर लेकीचं. मी नुसती मिसिसागाच्या रिंकवर तिची बॅग सांभाळत बाकावर बसायचे. दोन हिवाळे त्या बाकावर काढल्यावर माझ्या लक्षात आलं की बर्फापेक्षा बाक जास्त गार असतो. म्हणून त्रेचाळिसाव्या वर्षी मीही मोठ्यांच्या वर्गात नाव घातलं. लेक यथावकाश स्केटिंग सोडून पोहायला जायला लागली. मी तिथेच राहिले. आता मला वॉल्ट्झ जंप येते. पुढे जाता जाता एका पायावरून उडायचं, हवेत अर्धी गिरकी घ्यायची आणि दुसऱ्या पायावर पाठमोरं उतरायचं. माझी उडी साधारण घडी घातलेल्या वर्तमानपत्राएवढी उंच जाते. रविवारच्या नव्हे, सोमवारच्या.

अडचण पायांची होती. रिंकच्या कोपऱ्यात ब्लेडला धार लावायचं यंत्र घेऊन एक गृहस्थ बसतात. घरी बोलताना मी त्यांना धारवाले आजोबा म्हणते. त्यांनी माझा मोजा काढायला लावला आणि पाय हातात घेऊन बराच वेळ पाहिला. चवडा पसरट, टाच चिंचोळी. बुटांच्या रुंदीला इंग्रजी अक्षरं असतात. माझा चवडा 'डी' निघाला आणि टाच 'ए'. चवड्याला बसणारा बूट घेतला की टाच आत डुगडुगते, टाचेचा घेतला की बोटांची भजी होतात. "लहानपणी काय घालत होतात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कोल्हापुरी चप्पल, आणि घरात काहीच नाही. त्यांनी मान हलवली. डॉक्टर रिपोर्ट वाचून हलवतात, तशी.

थोडक्यात, बूट मापानं बनवून घ्यायचे ठरले. बनवणारे सरहद्दीपलीकडे, अमेरिकेत. किंमत हजार डॉलरांच्या वर, आणि त्यात ब्लेड नाही! ब्लेड वेगळं विकत घ्यायचं. माझं इंग्लंडमधल्या शेफिल्डचं आहे. त्या गावात ब्लेड बनवणाऱ्या जॉन विल्सनचं नाव 1696 पासून चालत आलंय, म्हणजे आपल्याकडे राजाराम महाराज जिंजीत होते तेव्हापासून. एवढी जुनी पेढी म्हटल्यावर घासाघीस करायला तोंड उघडत नाही.

मापाचा फॉर्म चार पानी होता. चवड्याचा घेर, कमानीचा घेर, टाचेवरून पायाच्या वरच्या उंचवट्यापर्यंतचा घेर, घोट्याचा घेर, घोट्याच्या वरचा घेर. शिवाय कोऱ्या कागदावर पाय ठेवून, पेन्सिल अगदी उभी धरून, भोवतीनं रेघ मारायची. पेन्सिल कलली की पाय बारीक होतो. ब्लाउजला इतकी मापं लागत नाहीत, आणि ब्लाउज घालून कुणी उड्याही मारत नाही. रंगाचाही रकाना होता. पूर्वी बायकाही काळे नाहीतर तपकिरी बूट घालायच्या. पांढऱ्याची चाल रुळली ती मुख्यतः नॉर्वेच्या सोन्या हेनीमुळे. तिनं 1928, 1932 आणि 1936 अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवली. माझ्याकडे सोसायटीच्या संगीत खुर्चीतला स्टीलचा डबा आहे. तरीही मी पांढरा लिहिला.

मापं घ्यायला नवरा बसला. तो इंजिनिअर आहे, त्यामुळे मी निर्धास्त होते. ही पहिली चूक. दुसरी चूक म्हणजे तो गणपतीचा दुसरा दिवस होता, आदल्या दिवशी मी एकशे एक मोदकांसाठी सकाळपासून ओट्याशी उभी होते आणि पाय अजून सुजलेले होते. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "थोडी टॉलरन्स धरतो." जोडवी काढायला लागली. ती काढून देव्हाऱ्यात ठेवली आणि हे आईला फोनवर सांगितलं, ही तिसरी चूक.

"अगं, बुटासाठी जोडवी काढलीस?"

"बोटाचा घेर चुकतो गं."

"आपल्या चप्पल लायनीतल्या त्यानं कधी घेर घेतला होता का? एकदा पायाकडं बघितलं, रेघ ओढली, झालं. संध्याकाळी जोड तयार."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच एकदाच बघायचा तो. शिवाय पैसे घेताना सांगायचा, आठ दिवस चावंल, खोबरेल लावा.

इकडे नवऱ्यानं माप घेताना एक गोष्ट केली जी पुढे पाच महिने पुरली. तो माझ्यासमोर जमिनीवर बसला होता. त्याच्या डाव्या हाताला जो पाय होता, त्याची मापं त्यानं 'डावा' या रकान्यात लिहिली. तो माझा उजवा पाय होता.

दहा आठवडे लागतील असं कळवलं होतं, ते बारा झाले. मग एके दिवशी दारावर चिठ्ठी: आम्ही येऊन गेलो, घरी कुणी नव्हतं. मी घरी होते. दारापासून सहा फुटांवर चकल्या तळत होते. दुसऱ्या दिवशी मी दाराशी खुर्ची टाकूनच बसले. कुरिअरवाला आला आणि खोक्याआधी बिल पुढे केलं: तेरा टक्के एचएसटी, आणि तो कर माझ्या वतीनं भरल्याबद्दल कुरिअरची ब्रोकरेज वेगळी. आपल्या खिशातून पैसे काढून दिल्याबद्दल आपल्याकडूनच मेहनताना घ्यायचा, ही कला मी आजवर फक्त लग्नाच्या हॉलवाल्यांत पाहिली होती.

बूट मात्र देखणे. कोऱ्या चामड्याचा वास आला आणि मी क्षणभर कोल्हापुरात जाऊन आले. पाय घातला आणि मिसिसागाला परत आले. उजवा जाईना. डावा गेला तो इतका सुखासुखी की आत वाटाणे टाकले असते तर खुळखुळा झाला असता. आजोबांनी फॉर्मची प्रत मागितली, वाचली, माझे पाय पाहिले, पुन्हा वाचली. मग चष्म्यावरून नवऱ्याकडे बघून विचारलं, "माप घेताना तुम्ही कुठे बसला होतात?"

गाडीत आम्ही बोललो नाही. हीटर तेवढा चालू होता.

घट्ट बूट थोडाफार फुगवता येतो, पण सैल टाचेला इलाज नाही. उडी उतरताना वजनाच्या कितीतरी पट भार पायावर येतो, टाच जरा उचलली तरी घोटा मुरगळायचा. म्हणून दोन्ही बूट परत पाठवले. खोक्यावर मी तीन भाषांत विचार करून एका भाषेत ठळक लिहिलं: दुरुस्तीसाठी. फेब्रुवारीत ते दुरुस्त होऊन आले. आणि सोबत बिल! एचएसटी, ब्रोकरेज, पहिल्यासारखंच. माझेच बूट माझ्याकडे दुसऱ्यांदा आयात झाले होते. फोनवर चाळीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक बाई म्हणाल्या, अर्ज करा. केलाय.

मग आजोबांचा ओव्हन. या बुटांच्या आत तापवून आकार देता येतो असा थर असतो. 80-90 अंशांवर काही मिनिटं बूट भाजायचे आणि गरम असतानाच पायात चढवायचे. खारी काढावी तसे त्यांनी ते बाहेर काढले. "टाच मागे आपटा." आपटली. "गुडघे वाकवा. बोटं मागे सरली?" सरली. सरळ उभं राहिलं की बोटं पुढच्या चामड्याला निसटती लागावीत आणि गुडघे वाकवले की सुटावीत, म्हणजे माप बरोबर. माझं दुसरं बोट सरळ उभं राहिल्यावर नुसतं टेकत होतं, दुमडत नव्हतं. सासूबाईंनंतर त्या बोटाकडे इतकं लक्ष त्या दिवशीच कुणी दिलं.

पण बाहेरच्या बाजूनं घोटा ठणकत होता. आजोबांनी माझ्या मोज्यावर लिपस्टिकनं टिपका दिला (त्यासाठी त्यांच्या ड्रॉवरमध्ये एक लालभडक लिपस्टिक असते), बूट घालायला लावून काढला आणि आतला डाग दाखवला. घोट्याचं बाहेरचं हाड आतल्या हाडापेक्षा खाली असतं. माझंच नव्हे, सगळ्यांचं. नवऱ्यानं फॉर्मवर दोन्ही एकाच उंचीवर दाखवली होती.

"सिमेट्री," तो पुटपुटला.

आजोबांनी मोठ्या चिमट्यासारख्या प्रेसमध्ये बूट धरून त्या जागी आतून खळगा पाडला. मग ब्लेड. टाचेच्या मध्यापासून ते साधारण अंगठा आणि दुसऱ्या बोटाच्या फटीखाली यावं, अशी रेघ त्यांनी डोळ्यानंच धरली. आधी मोजकेच स्क्रू. चार दिवस चालवून पाहायचं, आत-बाहेर झुकलं तर सरकवायचं, मगच बाकीची भोकं पाडायची. तळाच्या चामड्यात पाणी शिरू नये म्हणून लेप वेगळा. संध्याकाळपर्यंत जोड तयार. आईला हे सांगायचं मी टाळलं.

पण तिनं व्हिडिओ कॉल केलाच. मी रिंकवर, रबरी जाजमावर, वरचे दोन हूक मोकळे सोडून उभी होते. नवे बूट चढवले की आधी असंच उभं राहायचं असतं.

"चावतात का गं?"

"चावतात."

"मग बरोबर हायेत. जरा चालून दाखव."

मी फोन खाली धरला आणि चार पावलं चालले. सहा-सात वर्षांच्या दोन मुली माझ्याभोवतीनं भुर्रकन बर्फावर गेल्या. आईनं स्क्रीनला कान लावला होता. मला फक्त तिची कुडी दिसत होती.

"वाजत नाहीत?"

"हे नसतात वाजत, आई."

"कर्रकर्र नाही काही नाही, आणि हजार डॉलर?" कुडी हलली. "परत पाठव."