‘संतांनी फक्त नाम घ्यायला सांगितलं’ हा फॉरवर्ड पुढे पाठवण्याआधी

आषाढी जवळ आली की आपल्या बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं, की संतांनी फक्त नाम घ्यायला सांगितलं, समाजाच्या भानगडीत ते पडले नाहीत; सेवा म्हणजे अन्नदान, हक्क आणि न्याय हे पाश्चात्त्यांकडून आलेलं खूळ; महाराज-कीर्तनकार जातीवर बोलले की समाज फुटतो; आणि बडोद्यात तर सयाजीरावांनी हे सगळं कधीच मिटवलंय. शेवटी ‘जय हरी’ असतं त्यामुळे लोक न वाचताच पुढे ढकलतात. मला राहवत नाहीये म्हणून लिहितेय.

नाम घ्या असं संत म्हणाले, हो म्हणालेच. पण चोखोबा ‘धांव घाली विठू आता’ म्हणतात तेव्हा पुढच्याच ओळीत काय आहे बघा ना, ‘बडवे मज मारिती ऐसा काही तरी अपराध’. माझा गुन्हा काय ते तरी सांगा, असं मार खाल्लेला माणूस थेट देवाला विचारतोय, ही तक्रार नाही तर काय आहे? आणि सोयराबाई, चोखोबांची बायको, ती विचारते की देहाचा विटाळ देहातच जन्मला, मग सोवळा झाला तो कोण. सातशे वर्षांपूर्वी हे बोललेत ते दोघं, तेव्हा कुठला पाश्चात्त्य आला होता मंगळवेढ्याला? चोखोबांची समाधी पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वारासमोर, सगळे पाया पडतात, पण त्यांच्या जातीच्या माणसाला आत जायला १९४७ उजाडलं, तेही साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले तेव्हा.

पाश्चात्त्यांचंच म्हणाल तर विवेकानंद १८९२ मध्ये इथेच बडोद्यात येऊन गेले, दिलाराम बंगल्यावर, आणि पुढच्या वर्षी शिकागोत त्यांनी तिथल्यांनाच सुनावलं की उपाशी लोकांपुढे धर्म ठेवणं हा त्यांचा अपमान आहे. म्हणजे हे शिकवायला कोण कोणाकडे गेलं?

आता सेवा. अन्नदानाला माझा विरोध अजिबात नाही, मी स्वतः वाढायला उभी असते. पण गेल्या वर्षी एका मंडळाच्या महाप्रसादाला मी बघितलंय, पंगती उठल्या, मंडप झाडून, खरकट्या पत्रावळ्या उचलून झाल्या आणि ज्या बाईंनी ते केलं त्यांना मसालेभात आणि शिरा एकाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून गेटबाहेर दिला. आत खुर्च्या रिकाम्या होत्या. कोणाला काही वाटलं नाही, उलट ‘बघा आपण कोणाला उपाशी पाठवत नाही’ असं कौतुक चाललं होतं. गाडगेबाबा हातात खराटा घेऊन आधी गाव झाडायचे, मग कीर्तनाला उभे राहायचे. अस्पृश्य वारकऱ्यांना पंढरपुरात पाठ टेकायला जागा मिळत नव्हती म्हणून त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली, आणि १९४९ मध्ये ती आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, मुलांच्या शिक्षणासाठी. नुसतं जेवण घालून भागलं असतं तर बाबांनी एवढी वणवण केली नसती हो.

समाज फुटतो म्हणता, तर शेजारच्या गुजराती घरात रोज ‘वैष्णव जन’ लागतं त्या नरसिंह मेहतांना विचारा. ते अस्पृश्यांच्या वस्तीत भजनाला गेले म्हणून त्यांच्याच नागर ब्राह्मणांनी त्यांना जातीबाहेर टाकलं, मग फोडलं कोणी? भजन करणाऱ्यानं? अमेरिकेतही तेच, १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी काळ्यांच्या हक्कांचं आंदोलन आत्ता नको, धीर धरा असं म्हटलं, आणि मार्टिन ल्यूथर किंग, जे स्वतः पाद्री, त्यांनी तुरुंगातनं उत्तर लिहिलं की ‘थांबा’ म्हणजे बहुतेक वेळा ‘कधीच नाही’.

आणि बडोदं. सयाजीरावांबद्दल मला तुमच्याइतकाच अभिमान आहे. पण त्यांनी अस्पृश्य मुलांच्या शाळा काढल्या तेव्हा शिकवायला सवर्ण मास्तर मिळेनात, ते काम पुढे आत्माराम अमृतसरींनी सांभाळलं, ते आर्य समाजाचे प्रचारक, म्हणजे धर्माचाच माणूस. आणि १९१७ मध्ये महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर शिकून आलेले आंबेडकर इथे नोकरीला आले तर कचेरीत शिपाई लांबूनच फायली टाकायचे, पारशी धर्मशाळेतनं काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं, अख्ख्या शहरात एक खोली मिळाली नाही. कमाटी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, झाडाखाली बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेले. ती जागा आज संकल्पभूमी, म्हणजे आंबेडकरांचं स्मारक आहे, आपल्यातले किती जण सयाजीबागेत रोज चालायला जाऊनही तिथे थांबतात? महाराजांनी हुकूम काढला म्हणून घरमालकांची मनं बदलली नाहीत, आणि ती बदलायचं काम कीर्तनातनंच होऊ शकत होतं, राजाज्ञेनं नाही.

तेव्हा ज्या काका-काकूंनी हा मेसेज टाकलाय त्यांना विनंती, एकादशीच्या भजनात चोखोबांचा तो अभंग पूर्ण म्हणू या, मधली कडवी न गाळता. आणि यंदाच्या महाप्रसादाला झाडणाऱ्या बाईंचं पान आत, आपल्याच पंगतीत वाढायचं, हे आधीच्या मीटिंगमध्ये मी मांडणार आहे, तेव्हा साथ द्या.