पाटले पानी ऊनं का?

कोलोरॅडोतून गावी फोन लावला की मी काकांना आमच्या खानदेशी अहिराणीत पहिलं हेच विचारतो, पाटाला पाणी आलं का? आमचे आबा दारावरून जाणाऱ्या पाटकऱ्याला, म्हणजे पाटाचं पाणी सोडणाऱ्या माणसाला, रोज हेच विचारायचे. परवा काका म्हणाले, "पानी नंतर. बंधारा राही का नही ते पहिले सांग."

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं आमचं गाव पांझरा नदीकाठी आहे. गावच्या जुन्या फड बंधाऱ्यावरून सध्या दोन तट पडलेत. बंधारा गाळाने भरलाय, पायथ्यातून गळतोय, म्हणून तो काढून कोल्हापूर पद्धतीचा, फळ्या घालून पाणी अडवणारा बंधारा बांधावा, असं एका तटाचं म्हणणं. दुसरा तट म्हणतो, बंधाऱ्याचा नाद सोडा, धरणातून थेट पाइपलाइन मागा. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, पण फडाचं, म्हणजे पाणी वाटून घेण्याच्या जुन्या गावपद्धतीचं, नाव कुणी घेत नाही. मला तेच खटकतं.

कारण बंधारा म्हणजे फडाचं नुसतं तोंड. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीनेकशे वर्षं चाललेली ही पद्धत आहे. बंधाऱ्याने पाणी अडवून पाटात वळवायचं, पाटातून चारीत, चारीतून सारंगात म्हणजे शेतापर्यंतच्या छोट्या चरात, आणि उरलेलं सांडममधून पुन्हा नाल्याला. भिजणारं रान तीन-चार फडांत वाटलेलं असतं. एका फडात सगळ्यांचं पीक एकच, एकाला ऊस तर दुसऱ्याला हंगामी, आणि दर वर्षी फेरपालट. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडीथोडी असते. त्यामुळे पाणी कमी पडलं की एखादा फड सगळे मिळून कोरडा ठेवतात, आणि तोटा कुणा एकाच्या दारात जाऊन बसत नाही. पाटकरी, त्यांच्यावर देखरेख करणारा हवालदार, पिकाची राखण करणारा जागल्या ही माणसं गाव नेमतं आणि त्यांचं पोट गाव भरतं. मोटारी, मीटर, कोर्टकचेरी यांतलं काही न लागता इतकं न्याय्य पाणीवाटप मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. 1884 मध्ये सरकारी नोकरीत आलेल्या तरुण विश्वेश्वरय्यांच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक इथलंच आहे. दातर्तीजवळ पांझरेच्या पाटासाठी त्यांनी नळांचा सायफन बसवला होता.

मग बिघडलं कुठे? वरच्या अंगाला धरणं झाली आणि नदीचा बारमाही झरा आटला. काठाकाठाने विहिरी, बोअर खोल गेल्या. वाळू इतकी उपसली गेली की पात्र खाली गेलं आणि बंधाऱ्याचा पाया उघडा पडला. या तिन्हींत दोष दगडांचा नाही. नवा बंधारा बांधला आणि वाळूउपसा तसाच राहिला, तर काही वर्षांत त्याचाही पाया उघडा पडेल.

आता इथलं सांगतो. कोलोरॅडोच्या दक्षिणेला रिओ ग्रांदे नदीचं सॅन लुईस खोरं आहे. तिथल्या एका पाटाला, पीपल्स डिचला, 1852 सालचा पाण्याचा हक्क आहे. राज्यातला सलग चालू असलेला हा सर्वांत जुना हक्क. वसंतात सगळे वाटेकरी फावडी घेऊन पाट साफ करतात. पाटावर देखरेख करणाऱ्याला मायोर्दोमो म्हणतात. मला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा आमचा पाटकरीच आठवला. खोऱ्यात नदीतून पाणी वळवणारी जुनी बांधकामं खचत होती. दर वर्षी यंत्राने नदीत गोटे ढकलून तात्पुरता बांध घालायचा आणि तो पुरात वाहून जायचा. आता बऱ्याच ठिकाणी मोठाले दगड प्रवाहाविरुद्ध टोक करून बाणासारखे रचतात. पाणी पाटाच्या दाराकडे वळतं, मधल्या सखल भागातून मासे वर जातात आणि गाळ साचून राहत नाही. पाटाचा हक्क, वाटेकरी, नियम मात्र तेच राहतात. बांधकाम नवं, संस्था जुनी. आपल्याकडच्या वादात नेमकी हीच शक्यता कुणी मांडत नाही.

म्हणून इथलं सगळंच उचलावं, असं मी म्हणणार नाही. इथे ज्याचा हक्क जुना त्याला पाणी आधी, आणि दुष्काळात मागून आलेला पूर्ण कोरडा. हक्क विकताही येतो. फडात वाढलेल्या माणसाला हे पटणं कठीण आहे, मला तर अजिबात पटत नाही. एक गोष्ट मात्र आपण त्यांच्याकडून शिकावी. 2002 च्या दुष्काळानंतर खोऱ्यातलं भूजल भराभर खाली गेलं, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी विहिरीतून उपसलेल्या पाण्यावर स्वतःच स्वतःला कर लावून घेतला. सहजासहजी नव्हे, वर्षानुवर्षं भांडून. पण लावला.

काकांना मी म्हटलं, फळ्यांचा बंधारा झाला तर पावसाळ्याआधी फळ्या काढणार कोण आणि पाऊस सरताना बसवणार कोण? तो माणूस नेमायला फडच लागेल. महाराष्ट्रात 2005 चा कायदा आहे, त्याखाली शेतकऱ्यांची पाणीवापर संस्था करता येते. आधी फडाची संस्था करा, धरणातून बंधाऱ्यापर्यंत ठरलेल्या पाळीचं पाणी तिच्या नावाने मागा, आणि बंधाऱ्याजवळची वाळू याच हिवाळ्यापासून बंद करा. पायाची डागडुजी आणि गाळ काढणं त्यानंतर. त्यातला माझ्या वाट्याचा खर्च मी पाठवतो.

काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ग्रामसभेत हे अहिराणीत सांगावं लागेल, आणि तेही माझ्या तोंडून, तुझ्या नव्हे. आता रोज रात्री आम्ही फोनवर एकेक मुद्दा अहिराणीत घडवतोय. 'संस्था' या शब्दाशी कालपासून अडलोय. काका म्हणतात, फडच म्हण.